डोक्यावेगळा

पाटीवर होतं:

आणि राजाने शिपाई पाठवला, आणि शिपायाने तुरुंगात जाऊन योहानाला

पुढे पाटीवरचं मेण कोरं होतं.

विगमुंद पाद्री त्या कोऱ्या जागेसमोर सकाळपासून बसला होता. हाडाची लेखणी टोकदार बाजूने धरायची, मग उलटी करून चपट्या बाजूने धरायची, पुन्हा टोकदार. मेण हे फार सोशिक असतं. लिहिलेलं घेतं, पुसलेलंही घेतं, आणि दोन्हींनंतर सारखंच चकाकतं.

बाहेर जवाची कापणी चालली होती. सगळं गाव शेतात. चर्चच्या दारातून उतारावरची पिवळी पट्टी दिसायची, तिच्यापलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे जुन्या लोकांच्या थडग्यांचा उंचवटा. त्या उंचवट्यावर हद्दीचा खांब होता. विगमुंद मुद्दाम दाराकडे पाठ करून बसला होता.

हवा असलेला शब्द त्याला ठाऊक होता. गावातल्या कुत्र्यामांजराला ठाऊक होता. वसंतात त्याच उंचवट्यावर उभं राहून कारभारी डुनिंगने तो ओरडून सांगितला होता, लेओफरुन मावशीच्या मुलाच्या नावापुढे.

*

पाटीवर होतं:

योहानाला मारलं

मग पुसलं. मारलं तर काय, तापानेही माणूस मारला जातो. योहानाच्या सणाचं नावच मुळी डोकं कापण्यावरून पडलेलं.

योहानाची मान

हेही पुसलं. हा लॅटिनचा वास होता. लॅटिनवाल्यांची नजर मानेवर. मानेवरून उतरवला, असं त्यांचा शब्द म्हणतो, जसं घोड्यावरून ओझं उतरवावं. मठात असताना विगमुंदला तो शब्द बरा वाटायचा, कारण त्यात कुणाचा चेहरा दिसत नाही.

इथल्या इंग्रज लोकांच्या शब्दात मान नाहीच. बेहेआवदियान. हाच पुढे झिजत झिजत नुसता 'बिहेड' होऊन बसला. पण त्या काळी तो अजून अंगाने भरलेला होता, आणि तोंडातून बाहेर पडायला वेळ घ्यायचा. मागचा तुकडा हेआवोद, म्हणजे डोकं. पुढचा तुकडा बे. हा बे चिमुकला, कुणालाही जाऊन चिकटणारा. बहुतेक ठिकाणी तो चिकटला की भोवती काहीतरी येतं, अंगावर काहीतरी चढतं: कंबरेला पट्टा बसतो, गावाला कुंपण पडतं, मुलाला पांघरूण मिळतं. पण काही मोजक्या शब्दांत तोच बे उलटा हात फिरवतो. जमिनीला लागला की जमीन काढून घेतली. डोक्याला लागला की डोकं. एकच हात पांघरूण घालतो आणि तोच ओढून घेतो, असं का, ते मठातल्या गुरूंनीही कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "पोरा, भाषा काय तुझ्या माझ्या सोयीने झाली का?"

आणखी एक होतं त्या शब्दात, आणि विगमुंदला ते आत्ता, पाटीसमोर बसल्यावर जाणवलं. जे होतं ते डोक्याला होत नाही, माणसाला होतं. माणूस डोक्यावेगळा केला जातो. डोकं नुसतं निघून जातं. माणूस मागे राहतो.

*

हे सगळं सुरू झालं एथेलमेर मालकांपासून.

चर्च त्यांचं. म्हणजे देवाचंच, पण लाकूड त्यांच्या रानातलं, छपराचा पेंढा त्यांच्या खळ्यातला आणि पाद्रीचं पोट ज्या तुकड्यावर भरायचं तो तुकडाही त्यांनीच दिलेला. कापणीच्या आधी एकदा ते कुत्र्याला घेऊन आले आणि बाकावर बसत म्हणाले, "पाद्रीबाबा, यंदा लॅटिन बास. मागल्या वर्षी तुमचं ऐकताना हासुद्धा घोरत होता."

कुत्र्याने आपलं नाव निघालं समजून शेपटी हलवली.

"आपल्या बोलीत सांगू म्हणता?"

"बिशपही तेच म्हणतात ना? मग सांगा. आणि तो मुंडक्याचा सण घ्या. कापणीतला."

"योहानाचा?"

"योहानाचाच. लोकांना कळू दे मुंडकं कसं जातं ते. खांबावरच्या त्या लेओफरुनच्या पोराचा आता कुणाला धाकच उरला नाही. परवा पोरं त्याला विचारत होती, ओसगार, जेवलास का?" मालक हसले नाहीत. "माझा नांगराचा बैल खाल्लान त्याने. बैल."

"विकला," विगमुंद म्हणाला.

"विकला, खाल्ला, माझ्या नांगराला काय फरक पडतो?"

ते गेले, आणि मग विगमुंदने पोथी काढून ती गोष्ट पुन्हा वाचून बघितली. कारण मालकांना त्या सणाचं नाव तेवढं माहीत होतं. आजवर लॅटिनमध्ये ऐकलेलं. लॅटिन म्हणजे त्यांना पावसासारखं, पडत असतं. योहानाचं मुंडकं गेलं एवढं ठाऊक. का गेलं ते नाही.

ते असं गेलं. हेरोद राजाने आपल्या भावाची बायको करून घेतली. योहानाने त्याला तोंडावर सांगितलं, हे तुला शोभत नाही. राजाने ऐकून घेतलं, राणीने नाही. हेरोदिया तिचं नाव. मग राजाच्या वाढदिवशी तिची मुलगी नाचली, राजा खूश होऊन म्हणाला काय हवं ते माग, आणि मुलगी आईला विचारून आली. आईने मागायला लावलं ते योहानाचं डोकं.

एथेलमेर मालकांचा थोरला भाऊ किनाऱ्यावर, समुद्रावरून लुटीला येणाऱ्या डेन लोकांशी लढताना पडला, त्याला आता चार-पाच हिवाळे झाले. पुढच्याच वसंतात मालकांनी त्याच्या विधवेशी, विनफ्लेडबाईंशी लग्न लावलं. जमीन एकाच घरात राहिली. गावात कुणी काही बोललं नाही. आणि त्या जोडप्याच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात उचलला होता तो विगमुंदनेच.

*

पाटीवर सगळं होतं. पहिल्यांदा त्याने सगळंच लिहिलं होतं, एका दमात, बारीक अक्षरात: भाऊ, भावाची बायको, योहानाचं बोलणं, नाच, शपथ, आईचं मागणं. लिहून झाल्यावर त्याने ते मोठ्याने वाचलं. रिकाम्या चर्चमध्ये ते फार स्वच्छ ऐकू आलं. इतकं स्वच्छ, की त्याने उठून दार लोटून घेतलं.

मग लेखणी उलटी केली आणि वरून पुसायला सुरुवात केली.

भाऊ गेला. भावाची बायको गेली. योहान राजाला काय बोलला ते गेलं. राणी गेली, नाच गेला, शपथ गेली, मागणं गेलं. राहिलं ते तुरुंगापासून खालचं. तिथवर आल्यावर हात थांबला. खाली काही धोका नव्हता. शिपाई, तबक, ती मुलगी, तिची आई, शेवटी शिष्यांनी येऊन धड उचलून नेलं आणि पुरलं. पोथीतलं काहीतरी राहायला हवं, असं त्याला वाटलं. राहू दिलं.

एवढं झाल्यावर तो एका शब्दाशी अडला, आणि तो शब्द लिहवेना.

*

लेओफरुन दुपारी आली. चर्चच्या पायरीवर बसली, ओच्यात शेंगा होत्या त्या सोलायला लागली. दार तिनेच ढकलून उघडलं, विचारलं नाही.

"पाद्रीबाबा, एक ठरवून द्या मला."

"काय, मावशी?"

"तो आहे कुठे?"

विगमुंदने कोण म्हणून विचारलं नाही.

"खांबावर आहे की खड्ड्यात?" ती म्हणाली. "मी दोन्हीकडे बसते. सकाळी खांबाखाली, मग उतरून खड्ड्याशी. आधी कावळे हाकायला बसत होते. आता कावळे येत नाहीत, त्यांच्या कामाचं काही राहिलं नाही. पण बसते. आता माझे गुडघे म्हणतात, बाई, एक कुठलं तरी ठरव."

ओसगारचं धड उंचवट्याच्या पायथ्याशी पुरलेलं होतं, हद्दीला लागून, जिथे जुन्या काळी देव न मानणारे लोक पुरलेत तिथे. चर्चच्या आवारात त्याला जागा नव्हती. चोराला नसतेच.

"खड्ड्यात," विगमुंद म्हणाला.

"नक्की?"

"डोकं त्याच्यापासून घेतलं. म्हणजे ज्याच्यापासून घेतलं तो खाली आहे."

तिने एक शेंग सोलली, दाणे बघितले. "मग वर कोण आहे? मागच्या बाजूला अजून थोडे केस आहेत. लालच आहेत. ते मीच कापायचे, ईस्टरच्या आधी, अंगणात बसवून. एका जागी बसेल तर शपथ." दाणे टोपलीत पडले. "चोर होता हो. मी कधी नाही म्हटलं का? डुनिंगला मी तोंडावर सांगितलं, कापायचं तर काप, तुझा कायदा आहे. पण कापून झालं ना? मग आता वरचं कुणाच्या कामाचं आहे?"

"मालकांना धाक हवा आहे."

"पोरं त्याला जेवलास का विचारतात. धाक म्हणे." तिने पुढची शेंग उचलली. "तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"माझं ऐकतील?"

"तुमचं नाही ऐकणार," लेओफरुन शांतपणे म्हणाली. "तुमचं कोण ऐकतं? पोथीतलं ऐकतील."

विगमुंदने पाटी उगाच उलटी ठेवली. "मावशी, सणाच्या दिवशी तू चर्चला नाही आलीस तरी चालेल. मी देवाला सांगेन."

"का?"

"एक शब्द आहे त्यात."

"तो होय." तिने ओचा झटकला आणि गुडघ्यावर हात टेकत उठली. "तो मी ऐकलाय. पुन्हा ऐकून काही माझी मान तुटत नाही. येईन मी."

ती गेल्यावर त्याने पाटी सुलटी केली आणि लिहून टाकलं. बेहेआवदियान. अक्षरं खोल गेली, मेणाखालचं लाकूड लागेपर्यंत.

*

सणाच्या दिवशी चर्चमध्ये जवाचा आणि घामाचा वास होता. लोक अंगावरचं कुसळ झटकत उभे होते. पुढच्या बाकावर मालक, त्यांच्या पायाशी कुत्रा, शेजारी विनफ्लेडबाई. त्या लहानपणी मठातल्या जोगिणींकडे वाढलेल्या. बोलायच्या कमी, आणि लॅटिन चालू असताना गावात त्या एकट्याच कधी झोपायच्या नाहीत. लेओफरुन दाराजवळ, भिंतीला टेकून.

विगमुंदने वाचायला सुरुवात केली.

"योहान नावाचा एक संत होता. तो रानात राहायचा, मध खायचा, आणि नदीवर लोकांना पवित्र करायचा. राजाने त्याला तुरुंगात टाकलं."

का टाकलं, हे कुणाच्या तोंडावर उमटलं नाही. राजा टाकतो. त्यात का कसलं?

"आणि राजाने शिपाई पाठवला, आणि शिपायाने तुरुंगात जाऊन योहानाला," तो थांबला, दाराकडे न बघता थांबला, आणि म्हणाला तो शब्द.

चर्च हललं. आवाज नाही झाला, पण एका वळणावर गाडीतली माणसं जशी सगळी एका अंगाला कलतात तसं काहीतरी झालं. संत. आणि तोच शब्द. डुनिंगने उंचवट्यावर ओरडलेला. लोकांना वाटत असावं की संतांसाठी वेगळा असतो. सोन्याचा, निदान लॅटिनचा. गिरणीवाल्याच्या बायकोने मान वळवून दाराकडे बघितलं आणि पुन्हा पुढे केली. डुनिंग स्वतःच्या हातांकडे बघत होता.

विगमुंदने घाईने पुढचं उरकलं. "डोकं तबकात घालून आणलं आणि एका मुलीला दिलं, आणि त्या मुलीने ते आईला दिलं. मग योहानाचे शिष्य आले, त्यांनी त्याला उचललं आणि थडग्यात ठेवलं."

"बरं केलं," गिरणीवाल्याची बायको म्हणाली. हळूच, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"कुणाची तरी भली पोर," दुसरं कुणीतरी पुटपुटलं. "एवढ्या लांब घेऊन गेली म्हणायची."

विगमुंदला आधी काही कळलं नाही. लोक एकमेकांकडे बघून माना हलवत होते, एखाद्या घरी शेवटी नीट सगळं पार पडलं की हलवतात तशा. आणि मग त्याला कळलं. राणी त्यांना माहीत नव्हती. राणी त्याने पुसली होती. मागणारी आईच गोष्टीत उरली नव्हती, तेव्हा घेणारी आई त्यांच्या डोळ्यांपुढे आली ती योहानाची. दुसरी कुणाची येणार? मुलाचं डोकं कुणाकडे द्यायचं, हे या गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं.

लेओफरुन भिंतीपासून सुटली आणि लोकांमधून वाट काढत पुढच्या बाकापाशी आली. गुडघे टेकले नाहीत. टेकले असते तर उठता आलं नसतं.

"मालक," ती म्हणाली, "ऐकलंत ना तुम्ही."

"काय ऐकलं?"

"त्याच्या आईला दिलं. राजा वाईट होता. संताला मारणारा. तरी त्याने दिलं." तिचा आवाज रोजचाच होता, शेंगा सोलताना असतो तसा. "माझा चोर होता, संत नव्हता. पण मला पण आई म्हणूनच मोजा. त्या बाईपेक्षा जास्त मी काय मागत नाही."

मालकांनी लोकांकडे बघितलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं, आणि कुणाच्याही नजरेत उद्धटपणा नव्हता. तेच जड होतं. मग त्यांनी मान वर केली.

"पाद्रीबाबा, असं लिहिलंय? डोकं दिलं?"

"दिलं, मालक."

"आईला?"

आता वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. ती आई त्याची नव्हे, मालक. ती मुलीची, ते डोकं मागून घेणारी. मग त्यांनी विचारलं असतं, का मागितलं? आणि मग पुसलेलं सगळं, नाच, शपथ, भाऊ, भावाची बायको, एकेक करून या फरशीवर येऊन उभं राहिलं असतं. पण विगमुंदला नंतर आठवलं ते असं, की त्या क्षणी त्याने आपल्या जमिनीच्या तुकड्याचा विचार केला नव्हता. त्याने लेओफरुनच्या हाताकडे बघितलं होतं. तो तिने किंचित पुढे केलेला होता, आधीच काहीतरी घ्यायला.

"आईला," तो म्हणाला.

हे खरं होतं. पोथीत तसंच होतं. आणि बोलताना त्याला वाटलं, आपण जिभेखाली दगड ठेवून बोलतोय.

मालकांनी बायकोकडे बघितलं, जसं ते धान्याच्या भावासाठी किंवा घोड्याच्या पायासाठी बघायचे. विनफ्लेडबाईंची नजर विगमुंदवर होती. किती वेळ होती कुणास ठाऊक. चेहऱ्यावर राग नव्हता. पानं गळलेली पोथी हातात आल्यावर माणूस कुठलं पान नाही ते बघतो, तसं त्या बघत होत्या.

"लिहिलंय तसंच," त्या म्हणाल्या. "मीही ऐकलंय. द्या तिला."

*

बाहेर लोक पांगत असताना त्या चर्चच्या कुंपणाशी थांबल्या. मालक पुढे गेले होते, डुनिंगला खांबाचं सांगत. कुत्रा मधोमध उभा राहून दोघांकडे बघत होता.

"पाद्रीबाबा, वरचा भाग कुठे गेला?"

"मेणावर होता, बाईसाहेब."

"पुसलात?"

"हो."

त्यांनी कुंपणातली एक निसटलेली काठी आत खोचली. "माझ्यासाठी की स्वतःसाठी?"

विगमुंदने कमरेची पाटी फिरवून अक्षरांची बाजू आत केली.

"पुढल्या वर्षी पुसू नका," विनफ्लेडबाई म्हणाल्या. "मी तिथेच बसेन, त्याच बाकावर. ते काय करतील ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही." आणि कुत्र्याला हाक मारून त्या निघून गेल्या.

वर्ष म्हणजे एक पेरणी आणि एक कापणी. विगमुंदने मालकांनी दिलेल्या आपल्या तुकड्याकडे बघितलं. अर्धा कापून झाला होता. जमिनीला लागणारा बे त्याने अगदी स्वच्छ ऐकला.

*

पाटी कमरेला लटकत होती. त्यावर तेच होतं जे सकाळी वाचलं.

डुनिंगने खांबाला शिडी लावली. "मीच चढवलं, मीच उतरवतोय," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही. वर गेल्यावर मात्र त्याने डोक्यावरची टोपी काढून कमरेला खोचली, आणि मग दोन्ही हात वापरले. खाली येऊन त्याने ते लेओफरुनच्या हातात दिलं, फावडं विगमुंदच्या हातात दिलं आणि म्हणाला, "खड्डा पायथ्याशी, काटेरी झुडपाच्या ओढ्याकडच्या अंगाला. फार खोल नाही. तेव्हा जमीन कडक होती." मग तो शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. थांबणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

लेओफरुनने पदराच्या कापडात ते गुंडाळलं होतं आणि कडेवर घ्यावं तसं घेतलं होतं. उतार फार नव्हता, पण ती सावकाश उतरत होती. विगमुंद मागे. अर्ध्यावर आल्यावर त्याला पाऊल पुढे टाकवेना.

"मावशी, थांब. ती त्याची आई नव्हती."

ती थांबली, पण वळली नाही.

"मुलीची आई होती. तिनेच मागितलं होतं ते. योहान तिच्या लग्नाविरुद्ध बोलला म्हणून. मी तो भाग काढून टाकला, मालकांच्या भीतीने. तुम्हा सगळ्यांना वाटलं ते..." तो पुढे बोलला नाही.

खालून कापणी करणाऱ्यांचा आवाज येत होता. सणाची दुपार, तरी जव थांबत नाही. लेओफरुनने कडेवरचं गाठोडं सावरलं.

"म्हणजे मागणारणीलाच मिळालं," ती म्हणाली.

"हो."

"मग त्याच्या आईला काय मिळालं?"

"पोथीत नाही."

"तिचं नाव तरी आहे का?"

"नाव आहे. पण ती तेव्हा नसावी. तो तिला म्हातारपणी झाला होता."

"मग सुटली बिचारी," लेओफरुन म्हणाली, आणि पुन्हा उतरायला लागली. थोडं गेल्यावर, पुढे बघतच, "मालकांना सांगणार आहात?"

"पुढल्या वर्षी. सगळं वाचणार आहे."

"तोवर हे पुरून होईल," ती म्हणाली.

झुडपाशी विगमुंदने खणलं. चुन्याची पांढरी माती, वरवर सैल. लवकरच पाठीची हाडं लागली. पालथा पुरला होता. चोराला पालथं पुरतात, म्हणजे उठला तरी त्याला घरची वाट दिसत नाही. विगमुंदला वाटलं हे तिने बघू नये, पण ती आधीच कडेला बसून वाकली होती.

"पालथाच झोपायचा," ती म्हणाली. "तान्हा होता तेव्हापासून. उताणा केला की रडायचा."

तिने कापड सोडलं. खांद्यांच्या वर मोकळी जागा होती, मातीने भरलेली. तिने ती बोटांनी उकरली, पीठ चाळताना खडे काढावेत तसे चुन्याचे खडे बाजूला काढले. डोकं तिथे ठेवलं. आधी तोंड खाली करून. मग थोडं विचार करून एका कुशीला केलं, गाल मातीवर येईल असं, आणि मागे राहिलेले लाल केस हाताने सारखे केले.

विगमुंद फावडं धरून उभा होता. ती करत होती त्या कामाला शब्द शोधत होता तो. सवयच होती ती. सापडेना. डोकं काढून घेण्याला शब्द होता, तो कमरेला लटकत होता, लाकडापर्यंत कोरलेला. परत देण्याला नव्हता. आणि मग त्याच्या मनात आलं की तोच शब्द चालला असता. बे जर इथे आपल्या नेहमीच्या वळणाने गेला असता, पट्ट्याला, कुंपणाला, पांघरुणाला जातो तसा, तर बेहेआवदियान म्हणजे हेच झालं असतं: एखाद्याला त्याचं डोकं घालणं. पण भाषा त्या वळणाने गेली नव्हती. ती उंचवट्याच्या वाटेने गेली होती.

"म्हणा काहीतरी," लेओफरुन म्हणाली.

"इथे प्रार्थनेला बंदी आहे, मावशी. पवित्र जमीन नाही ही."

"प्रार्थना कुणी मागितली? नुसतं सांगा, तो कुठे आहे."

विगमुंद गुडघ्यांवर बसला.

"इथे."

"सगळा?"

"सगळा."

तिने मान हलवली आणि दोन्ही हातांनी माती ओढायला सुरुवात केली, आधी पायांवर, मग पाठीवर. चेहरा झाकायचा तिने शेवटी ठेवला.